हजेरीत नाव आहे

अक्काच्या दहाव्याला ओढ्याकाठी प्रवचन झालं. महाराज जवळच्याच गावचे. आवाज गोड, माणूस सरळ. त्यांनी अक्काला उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, तरी तिच्या चांगुलपणावर ते वीस मिनिटं बोलले आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शेवटी म्हणाले, माउलीचा भोग सरला, मागचं देणं फिटलं, आता ती मोकळी झाली. बायकांनी डोळ्याला पदर लावला. मीही मान हलवली. अशा वाक्यांना मान सवयीनं हलते.

पिंडाला कावळा शिवायची वाट बघत आम्ही उन्हात बसलो होतो. भाची माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मामा, मागचं देणं म्हंजी? आईनं कुणाचं काय केलं व्हतं?"

मी बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्याचा. एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. दहावीला आनुवंशिकता शिकवताना फळ्यावर दोन पिळांची शिडी काढायचो. ती शिडी या पोरीनंही माझ्याच हातची वहीत उतरवून घेतलेली. तिला मी म्हणालो, "नंतर सांगतो." हे २०१५ साल. ते 'नंतर' आत्ता उजाडतंय.

अक्का बावीस हंगाम ऊसतोडीला गेली. दसरा-दिवाळीला टोळी निघायची, पाडव्याच्या मागं-पुढं परतायची. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात, मुकादमाकडून उचल त्या कोयत्यावर मिळते. त्यातला एक जण आजारी पडला तरी कोयता बंद, आणि बंद पडलेल्या दिवसाचा खाडा उचलीतून कापला जायचा. पहाटे चारला उठायचं, फडात जायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, संध्याकाळी कोपीत येऊन भाकरी थापायच्या. पाणी लांब आणि आडोसा कुठंच नाही. या सगळ्यात दीड वर्ष तिच्या अंगावरून जात होतं. वास यायला लागला तेव्हा ती इतर बायकांपासून थोडी लांब झोपायला लागली. सांगितलं कुणालाच नाही. दाजींना नाही, मला तर नाहीच. भावाला असलं सांगतात का?

तिला सगळे सोशीक म्हणायचे. मीही म्हणायचो, कौतुकानं.

तिच्या जावेची गोष्ट उलटी. तिच्या ओटीपोटात दुखायचं. एका खासगी दवाखान्यात कुणीतरी तिला सांगितलं की पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल. ती तिशीतली बाई घाबरली, मुकादमाकडून जादा उचल घेऊन पिशवी काढून आली आणि ती उचल पुढं दोन हंगाम फेडत बसली. एकट्या तिचंच असं झालं नव्हतं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. एकाच घरातल्या दोन जावा. एकीला नसलेल्या कॅन्सरच्या धाकानं रिकामं केलं, दुसरीच्या असलेल्या कॅन्सरची कुणी विचारपूस केली नाही. कर्माचा हिशोब ठेवणारा कुणी चित्रगुप्त असेल तर या घरापुरती त्याची वही ओली झाली असावी.

२०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही तिला बार्शीला नेलं. आमच्या भागात कॅन्सर म्हटलं की बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त हॉस्पिटलच्या कामातून १९८७ पासून आसपासच्या खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भारतातली अशी ती पहिली नोंदणी. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तिसरी पायरी. 'लाईट', म्हणजे किरणोपचार, द्यायला सुरुवात झाली. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना मी मास्तर असल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी केसपेपरच्या पाठीमागं पेनानं चित्र काढून मला समजावलं. तो कागद अजून माझ्याकडं आहे.

त्या चित्रातलं मला माझ्या भाषेत सांगितलं पाहिजे, आणि माझी भाषा हजेरीपटाची.

हजेरी घेताना काही मुली 'हजर' म्हणायच्या नाहीत. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. वर्षाच्या सुरुवातीला मी मान वर करून बघायचो. पुढं पुढं घाईत 'गैरहजर' मांडून मोकळा व्हायचो. मुलगी तिसऱ्या बाकावर बसलेली, पटावर तिचं नाव शाईनं लिहिलेलं, आणि तरी ती त्या दिवशी शाळेत नव्हती.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत साधारण वीस हजार जनुकांचा असा पट असतो. बरीच जनुकं बऱ्याच ठिकाणी गप्प असतात आणि ते गरजेचंच आहे. डोळ्याच्या पेशीनं यकृताचं काम काढलं तर अनर्थ होईल. बाईच्या बहुतेक पेशींत दोन 'एक्स' गुणसूत्रं असतात आणि त्यातलं एक जन्माआधीच जवळजवळ पूर्ण मिटवून ठेवलेलं असतं. म्हणजे शरीर मौनावरच उभं आहे. आपल्या साधुसंतांना हे ऐकून बरं वाटलं असतं.

पण काही जनुकांचं कामच बोलण्याचं. पेशीची दुसरी पेशी होण्याआधी ती विचारतात, सगळं नीट उतरलंय का? चूक असेल तर थांबवतात, दुरुस्ती करायला लावतात, आणि दुरुस्त होणार नसेल तर त्या पेशीला मरायला लावतात. गाठ रोखणारी जनुकं ती हीच. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन या डॉक्टरांनी लेकरांच्या डोळ्यात होणाऱ्या कॅन्सरच्या ४८ केसेस तपासून मांडलं की एक प्रत गेली तरी दुसरी सांभाळून नेते, दोन्ही गेल्या की गाठ धरते. काही लेकरं पहिली प्रत बिघडलेलीच घेऊन जन्मतात.

या जनुकांची दाद लागेनाशी कशी होते? कधी नाव खोडलं जातं, म्हणजे अक्षरंच बदलतात. कधी अक्षर न् अक्षर शाबूत राहतं, पण जनुकाच्या सुरुवातीलाच मिथाइलचे बारीक गट येऊन चिकटतात. एक कार्बन, तीन हायड्रोजन. गावातल्या गोबरगॅसमध्ये जो मिथेन असतो त्यातला एक हायड्रोजन काढा, एवढीशी ती चीज. ती चिकटली की डीएनएची गुंडाळी तिथं घट्ट होते आणि वाचणाऱ्या यंत्रणेला ते पान उघडत नाही. पटावर नाव आहे आणि कुणी 'हजर' म्हणत नाही. शिवाय पेशी दुभंगते तेव्हा एक विकर नव्या साखळीवर त्याच जागी तीच मिथाइलं बसवत जातं, त्यामुळं लेकीलाही आईचंच मौन मिळतं.

हे वाक्य लिहिताना माझा हात थबकला. आमची आईही अशीच होती. मिश्रीनं हिरड्या काळ्या, दुखणं कधी तोंडातून बाहेर नाही. उपमा गोड लागते, पण पेशीला लाज नसते, खाड्याची भीती नसते. तिथं रसायन आहे आणि इथं माणसं. उपमेवरून मी कुठवर जायचं हे मास्तर म्हणून मला कळायला हवं.

अक्काच्या बाबतीत मुख्य कारभारी विषाणू होता, एचपीव्ही. त्याची तऱ्हा आणखी निराळी. 'पी-५३' नावाचं पहारेकरी प्रथिन पेशी नेहमीसारखं बनवत असते, जनुक बोलतही असतं. विषाणूचं 'ई-६' नावाचं प्रथिन पेशीतल्याच एका विकराला हाताशी धरून त्या पी-५३वर कचऱ्याची खूण मारतं, आणि पेशीची स्वतःची झाडलोट यंत्रणा त्याला उचलून नेऊन संपवते. शब्द ओठाबाहेर पडायच्या आत तोंडावर हात. पुढच्या वर्षांत इतर काही रोखणाऱ्या जनुकांवर मिथाइलचा थरही चढत जातो. तो किती चढला यावरून आजार कुठवर आला हे ओळखायच्या चाचण्याही आता निघाल्यात.

या पी-५३चीच एक गोष्ट मला महाराजांना ऐकवायची होती. ते १९७९ मध्ये सापडलं. गाठींमध्ये भरपूर दिसलं म्हणून ते कॅन्सर करणारंच आहे असं धरलं गेलं. दहा वर्षं तो शिक्का राहिला. १९८९ मध्ये बर्ट फोगेलस्टीन आणि इतरांच्या कामातून कळलं की तपासलेले नमुनेच बिघडलेले होते. मूळचं, धडधाकट पी-५३ तर कॅन्सरला आवरणारं निघालं. शास्त्रज्ञांनीसुद्धा चोराच्या घरात सापडला म्हणून पहारेकऱ्यालाच चोर ठरवलं होतं. फरक एवढाच की त्यांना आपला निकाल फिरवता आला.

बार्शीच्या वॉर्डात अक्कानं एक उद्योग आरंभला होता. ती पापं शोधत होती. एका रात्री मला म्हणाली, "आरं, त्या साली मी वाढे विकले न् पैसं जावंला कमी दिलं." दुसऱ्या दिवशी वेगळं निघालं, लंगडणाऱ्या बैलाला तिनं एकदा पराणी टोचली होती. मग आणखी एक, सासूला भांडणात उलट बोललेली. रोज एकेक आठवून ती आजाराच्या पारड्यात टाकायची, आणि पारडं बसायचं नाही. "एवढ्यानं एवढं व्हत नसतंय," ती म्हणायची, "मागल्या जल्माचंच असंल." ते ऐकून तिला समाधान वाटत असेल असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, निर्दोष बाईला शेवटचे महिने आपल्याच उलटतपासणीत घालवायला आपण लावले. भोगाचा सिद्धांत दुःखाला अर्थ देतो म्हणतात. तिला त्यानं गुन्हा दिला.

आणि मी? मी कर्म मानत नव्हतो ना. मग मी काय केलं ते सांगतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर माझ्या डोक्यात हिशोब लागला. त्याच संध्याकाळी बार्शीच्या बसस्टँडवर मी दाजींना म्हणालो, "हे तुमच्यामुळं झालंय." दाजी काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं उठले, गाड्यावरून डझनभर केळी घेतली आणि अक्काकडं निघाले. तिला केळी आवडतात हे मला ठाऊक नव्हतं.

नंतर वाचत गेलो तसा मी शरमलो. हा विषाणू इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेक माणसांना तो कधी ना कधी गाठतोच. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. थोड्यांच्या अंगात ठाण मांडतो, आणि त्यातल्याही थोड्यांना दहा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. कुणाकडून आला, कधी आला, हे कुणीच सांगू शकत नाही. मी मागल्या जन्माचं कोर्ट उठवलं आणि त्याच जागी या जन्माचं भरवलं. आरोपी तेवढा बदलला.

खरी अडचण इथं आहे. माणसाला कारण चालतं, योगायोग चालत नाही. कर्मसिद्धांताची सगळी ताकद त्यातच आहे, तो म्हणतो की योगायोग नावाची गोष्टच नसते. मला हे खोडून काढायचं होतं, आणि ते खोडणारी गोष्ट मला आमच्या शेजारच्या जिल्ह्यातच सापडली.

१९९९ पासून धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचे डॉक्टर त्यात होते, मुंबईचं टाटा होतं, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे शंकरनारायणन होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडले, आणि कुठल्या गटाला काय मिळणार हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलं. काही गावांत एकदा एचपीव्हीची तपासणी, काही गावांत दुसऱ्या दोन प्रकारच्या तपासण्या, आणि काही गावांत नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती, एवढंच. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये, निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या गावांत साधारण ३४ हजार बायकांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू, तपासणी नसलेल्या गावांत साधारण साडेएकतीस हजारांत ६४. तपासणीविना ठेवलेल्या बायकांचं काय, यावर पुढं वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

मी तो निकाल कितीदा तरी वाचला. चिठ्ठीत या बाजूला पडलेल्या गावातली बाई वाचली, त्या बाजूच्या गावातली गेली. वाचलेल्या गावांत पुण्यवान बायका जमा झाल्या होत्या का? हे मी एकदा महाराजांना विचारलंसुद्धा. ते हसून म्हणाले, "सर, चिठ्ठीत नाव निघायलाबी पुण्याई लागते." माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि घरी येताना लक्षात आलं की नसणारच. काहीही लिहिलं तरी पैकीच्या पैकी गुण देणारी उत्तरपत्रिका तपासायची कशी?

माझ्या शाळेतले एक बौद्ध सहकारी होते. त्यांनी मला संयुत्त निकायातला सीवकाचा संवाद दाखवला. मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळंच, असं काही जण म्हणतात, तुमचं म्हणणं काय? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संकर, ऋतुपालट, विषम वागणूक, बाहेरचा घाव अशी कारणं मोजतो आणि कर्मविपाक आठवा ठेवतो. सगळं कर्मावर ढकलणारे स्वतः अनुभवलेल्या गोष्टीच्याही पुढं जातात, असं त्याचं म्हणणं. चरकसंहितेच्या विमानस्थानातही अग्निवेश आत्रेयाला असाच प्रश्न करतो आणि उत्तर मिळतं की आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा यत्न, या दोहोंवर अवलंबून. सगळंच ठरलेलं असतं तर औषध कशाला? मग ओढ्याकाठच्या प्रवचनापर्यंत येता येता बाकीची सात कारणं वाटेत कुठं गळाली, हे मला कुणीतरी सांगावं.

मी नास्तिक नाही. श्रावणी सोमवारी परळीला जातो, रांगेत उभा राहतो. आमचा देव वैद्यनाथ. समुद्रमंथनातून आलेला धन्वंतरी आणि अमृत देवांनी याच लिंगात दडवलं, अशी आख्यायिका सांगतात. लिंगाला हात लावून दर्शन घ्यायचं. बार्शीला जाण्याआधी अक्काही तिथं हात लावून आली होती. ज्या देवाच्या नावातच वैद्य आहे, त्याच्या दारात उभं राहून दुखण्याला देणं म्हणायचं, हे मला जमत नाही. योगायोगाला मी देव म्हणू शकत नाही आणि देवाला सावकारही म्हणू शकत नाही. या दोन्हींच्या मधे जी जागा उरते तिथं मी रांगेत असतो. हत्तीच्या पेशीत पी-५३च्या जनुकाच्या वीस जोड्या असतात, असं २०१५ मध्ये छापून आलं, त्याच साली अक्का गेली. माणसाला एकच जोडी. गणपतीसमोर बसलो की कधी कधी हे आठवतं, आणि तक्रार करावी की हसावं ते कळत नाही.

एक मात्र मला धरून ठेवावंसं वाटतं. मिथाइलनं गप्प झालेलं जनुक नष्ट झालेलं नसतं. अस्थिमज्जेच्या एका आजारावर २००४ पासून अमेरिकेत मान्य झालेलं अझासायटिडीन नावाचं औषध आहे. ते मिथाइलची नक्कल पुढच्या पेशीत होऊ देत नाही, आणि मिटलेली काही पानं पुन्हा उघडतात. सगळ्या कॅन्सरवर ते चालत नाही, अक्काच्या उपयोगाचं तर नव्हतंच. पण 'लिहिलेलं टळत नाही' असं कुणी म्हणालं की मला ते औषध आठवतं. तिथं लिहिलेलं चुकलेलंच नव्हतं.

भाचीला हे सगळं अजून सांगितलेलं नाही, थोडं थोडं सांगतो. दहावी झाली, लग्न झालं, आणि तीही कोयत्यावर जायला लागली. माझ्या शिकवण्याचा एवढा उपयोग. गेल्या माघात मी परळीहून एसटीनं सिरसाळ्याला येत होतो. गाडी भरलेली, शेजारी ओळखीचे दोघं-तिघं. फोन वाजला. ती फडातून बोलत होती, रेंज नव्हती, म्हणून जीव खाऊन ओरडत होती.

"मामा, आयकू येतंय का? महिनाभर अंगावरून जातंय माझ्या. खाडा पडू द्या, मी उद्या येते. बार्शीला कवा जायचं?"

पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून पाहिलं. कंडक्टरनंही पाहिलं. मी "हो, हो" म्हणालो आणि बोटानं फोनचा आवाज कमी केला.